मुरुमांच्या औषधांच्या ट्रायल कशा होतात, त्यात काय मोजतात आणि आकडे कसे वाचायचे

निरगुडी (धागाकर्ती)

मुरुमांवर नवं औषध आलं की बातमीत एक वाक्य हमखास असतं: "बारा आठवड्यांत मुरुमं साठ टक्क्यांनी कमी." वाक्य खोटं नसतं. पण त्याच ट्रायलमध्ये ज्यांना औषध नसलेलं क्रीम दिलं होतं, त्यांची मुरुमं किती कमी झाली हे बातमीत नसतं. तीस-चाळीस टक्के कमी झालेली असणं अगदी नेहमीचं आहे. ट्रायलच्या भाषेत या बिनऔषधी क्रीमला "वेहिकल" म्हणतात: ट्यूब तीच, रंग-वास तोच, फक्त मूळ औषध काढलेलं.

वेहिकल लावून मुरुमं कमी का होतात, याची कारणं साधी आहेत. मुरुमं आपोआप वरखाली होत असतात, आणि माणूस नाव नोंदवायला येतो तो जास्त उठली असताना. पुढे ती थोडी बसणारच. शिवाय ट्रायलमध्ये सगळ्यांना एकच सौम्य फेसवॉश आणि मॉइश्चरायझर देतात, घरचे पाचसहा प्रयोग बंद होतात, दर काही आठवड्यांनी कोणीतरी चेहरा तपासतं म्हणून माणूस नियम पाळतो. औषधाचं श्रेय या सगळ्याच्या वर जे उरतं तेवढंच.

या धाग्यावर ट्रायलची आतली रचना लिहू या. उपचार कोणता घ्यावा याची चर्चा नको, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ आहेत.

सुरुवात मोजणीपासून करते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) २०१८ साली मुरुमांच्या औषधांसाठी मार्गदर्शक सूचना पक्क्या केल्या, त्यात दोन्ही अंगांनी फरक दाखवावा लागतो. पहिलं अंग म्हणजे पुटकुळ्यांची प्रत्यक्ष संख्या. ब्लॅकहेड-व्हाइटहेड वेगळे मोजायचे, लाल आणि पूवाल्या पुटकुळ्या वेगळ्या. दुसरं अंग आयजीए. डॉक्टर पूर्ण चेहरा बघून ० ते ४ असा एकच आकडा देतात: ० स्वच्छ, १ जवळपास स्वच्छ, २ सौम्य, ३ मध्यम, ४ तीव्र. "यश" तेव्हाच धरतात, जेव्हा आकडा ० किंवा १ वर येतो आणि सुरुवातीपासून किमान दोन पायऱ्या उतरलेला असतो. म्हणजे ४ वरून २ वर आलेला माणूस स्वतः खूश असला तरी हिशेबात अयशस्वी. यशाचे आकडे एवढे लहान का दिसतात, त्याचं मोठं कारण हेच.

पिंपळपान

चांगला धागा. आकड्यांची बाजू मी घेतो.

क्लॅस्कोटेरोन १ टक्का क्रीमचं उदाहरण घ्या. एफडीएची मंजुरी ऑगस्ट २०२० मध्ये मिळाली. त्वचेवरच अँड्रोजनला (तेलग्रंथींना चेतवणारं पुरुषी हॉर्मोन) अडवणारं हे पहिलं क्रीम. तिसऱ्या टप्प्याच्या (मंजुरीआधीच्या मोठ्या) दोन सारख्याच ट्रायल, मिळून १४४० जण, वय ९ वर्षं आणि पुढे, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. आयजीए यश पहिल्या ट्रायलमध्ये १८.४ टक्के, वेहिकलमध्ये ९.० टक्के. दुसऱ्यात २०.३ विरुद्ध ६.५.

"यश दुप्पट", "यश तिप्पट" अशी मथळ्याची भाषा इथे चालू शकते. पण वजाबाकी करा: ९.४ आणि १३.८. आता १०० ला त्या फरकाने भागा. पहिल्यात साधारण ११, दुसऱ्यात साधारण ७. म्हणजे वेहिकलने झालं नसतं असं एक जादा यश मिळवायला ७ ते ११ जणांनी १२ आठवडे हे क्रीम लावावं लागतं.

त्याशेजारी ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेलं तिहेरी जेल ठेवा: क्लिंडामायसिन १.२, बेंझॉइल पेरॉक्साइड ३.१, अडॅपालीन ०.१५ टक्के. यश ४९.६ विरुद्ध २४.९, आणि ५०.५ विरुद्ध २०.५. भागाकार ३ ते ४ च्या आसपास येतो.

इथे एक मोठी चूक होते. ५० टक्के आणि २० टक्के असे दोन ट्रायलमधले आकडे शेजारी मांडून "हे औषध अडीचपट चांगलं" म्हणता येत नाही. या ट्रायलच्या वेहिकल गटांकडे बघा: एकीकडे ६.५, दुसरीकडे २४.९. औषध कोणालाच दिलेलं नसताना एवढी तफावत आहे, म्हणजे घेतलेली माणसं, तपासणारे डॉक्टर किंवा वेहिकलचा आधारच वेगळा होता. तुलना करायची तर एकाच ट्रायलमध्ये समोरासमोर.

साळुंकी

मोजणी प्रत्यक्षात कशी करतात ते लिहिते, कारण ट्रायल तिथेच बिघडते.

चेहऱ्याचे भाग पाडतात: कपाळ, डावा गाल, उजवा गाल, नाक, हनुवटी. नाक मोजणीत घ्यायचं की नाही हे प्रोटोकॉलमध्ये (ट्रायलच्या लेखी नियमावलीत) आधीच लिहिलेलं असतं, कारण नाकावरच्या बारीक काळ्या ठिपक्यांनी आकडा उगीच फुगतो. ५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या गाठी वेगळ्या मोजतात. मध्यम मुरुमांच्या बऱ्याच ट्रायलमध्ये दोनपेक्षा जास्त गाठी असलेल्याला घेतच नाहीत.

चेहरा धुऊन पंधरावीस मिनिटं थांबायचं, नाहीतर धुतल्याने आलेला लालपणा मोजला जातो. मेकअप नको. दाढी असेल तर मोजणी शक्यच नाही, म्हणून दाढी ठेवणाऱ्यांना वगळतात, आणि तपासणीच्या दिवशी सकाळी दाढी करणाऱ्यांना वेळ ठरवून देतात. उजेड एका बाजूने पडला पाहिजे. बंद व्हाइटहेड समोरच्या उजेडात दिसत नाहीत. दोन बोटांनी त्वचा हलकी ताणली की कातडीच्या रंगाचे टेंगूळ वर येतात. हे पाऊल गाळलं तर एकाच गालावर एक डॉक्टर ८ मोजतो आणि दुसरा २०.

म्हणून पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एका रुग्णाची मोजणी एकाच डॉक्टरने करायची. ते जमणारच नसेल तर दोघांनी निदान एका भेटीत एकत्र मोजून फरक पाहायचा.

आपल्याकडच्या त्वचेवर आणखी एक अडचण आहे. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर पुटकुळी बसली तरी तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहतो, आणि ताजी लाली गोऱ्या त्वचेइतकी लाल दिसत नाही, जांभळट-तपकिरी दिसते. नवखा तपासनीस डागालाच पुटकुळी मोजतो. उपाय बोटाचा: पुटकुळी हाताला उंच लागते, डाग सपाट. फोटोवरून मोजायचं तर दोन प्रकारचा पोलराइज्ड उजेड लागतो. एकात लाली उठून दिसते, दुसऱ्यात उंचसखलपणा.

याचा परिणाम निकालावरही होतो. आयजीएमध्ये डाग धरत नाहीत. त्यामुळे डॉक्टरच्या कागदावर "जवळपास स्वच्छ" आणि आरशात मात्र चेहरा डागांनी भरलेला, असं सर्रास होतं. रुग्णाला "सुधारणा वाटते का" विचारलं की तो नाही म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असतं. अकॉर्न या आंतरराष्ट्रीय गटाने मुरुमांच्या प्रत्येक ट्रायलमध्ये काय मोजावं याची सात क्षेत्रं ठरवली आहेत, त्यात व्रण-डाग, स्वतःच्या दिसण्याबद्दलचं समाधान आणि दीर्घकाळ नियंत्रण ही वेगळी धरली आहेत. भारतातल्या ट्रायलमध्ये डागांची मोजणी दुय्यम निकष म्हणून तरी असायलाच हवी असं माझं ठाम मत आहे.

कडूलिंब७

साळुंकी, +१. डागांचा मुद्दा फार महत्त्वाचा.

मला एक विचारायचं आहे. अर्ध्या चेहऱ्याला एक औषध आणि अर्ध्याला दुसरं, अशा ट्रायल दिसतात. त्या जास्त चांगल्या नाहीत का? माणूस तोच, खाणंपिणं तेच, हॉर्मोन तेच.

पिंपळपान

कागदावर चांगल्या, आणि माणसंही कमी लागतात. लेझर आणि केमिकल पीलसाठी बऱ्याचदा वापरतात. पण क्रीमसाठी अडचणी आहेत. झोपेत उशीवर चेहरा घासतो, हात इकडचा तिकडे लागतो, औषध पलीकडे जातं. पोटात घ्यायच्या गोळीसाठी ही पद्धत निरुपयोगी. आणि एका बाजूला जळजळ झाली, दुसरीला नाही, की रुग्णाला लगेच कळतं औषध कुठलं.

विश्लेषणातही चूक होते. डावा-उजवा गाल एकाच माणसाचे, म्हणून जोडीची चाचणी लावायची असते. वीस माणसांचे चाळीस गाल म्हणजे चाळीस माणसं, असं धरून काढलेले निष्कर्ष छोट्या शोधनिबंधांत दिसतात. तसं दिसलं तर पी-व्हॅल्यूवर (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणारा आकडा) विसंबू नये.

किती माणसं लागतात हेही लिहितो. समजा वेहिकलमध्ये २० टक्के यश अपेक्षित आहे आणि औषधाने ३० होईल अशी आशा आहे. नेहमीचे निकष, म्हणजे ५ टक्के चूक (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता). ढोबळ सूत्र: ७.८४ गुणिले (०.३×०.७ + ०.२×०.८), भागिले फरकाचा वर्ग, म्हणजे ०.०१. उत्तर २९०. हे एका गटाचं. पंधरा टक्के लोक मध्येच सोडतील असं धरलं तर २९० भागिले ०.८५, म्हणजे ३४२. दोन्ही गट मिळून ६८४. फरक ५० विरुद्ध २५ एवढा मोठा असेल तर एका गटाला ५५ पुरतात. म्हणून चाळीस-चाळीस जणांची ट्रायल "दोन्ही औषधं सारखीच" असा निष्कर्ष काढते तेव्हा त्याचा खरा अर्थ असतो: फरक सापडण्याइतकी माणसंच नव्हती.

खलबत्ता

औषधशास्त्राच्या बाजूने थोडं.

ब्लाइंडिंग, म्हणजे कोणाला काय मिळालं हे कोणालाच न कळणं, मुरुमांच्या ट्रायलमध्ये सर्वात जास्त फुटतं ते बेंझॉइल पेरॉक्साइडमुळे. ते रंग खातं. उशीच्या अभ्ऱ्यावर, टॉवेलवर, टी-शर्टच्या गळ्यावर फिके डाग पडले की रुग्णाला कळतं, आणि तो ते डॉक्टरला सांगतो. उपाय असा: सुरुवातीलाच सगळ्यांना, दोन्ही गटांना, पांढरे टॉवेल आणि पांढरे अभ्रे वापरायला सांगायचं, आणि त्याबद्दल मोजणी करणाऱ्या डॉक्टरशी बोलायचं नाही हे बजावायचं. ट्यूब देणारी आणि परत घेणारी व्यक्ती वेगळी, मोजणारी वेगळी. जळजळ, सोलणं यांच्या नोंदीही शक्यतो तिसऱ्याने घ्यायच्या.

रेटिनॉइड क्रीमची (अडॅपालीन, ट्रेटिनॉइन ही त्याच जातीची) गोष्ट तशीच. पहिल्या दोन ते चार आठवड्यांत त्वचा कोरडी होते, सोलते. लोक ट्रायल सोडतात ते बहुतेक याच काळात. प्रोटोकॉलमध्ये "त्रास झाल्यास एक दिवसाआड लावा" अशी सूट आधीच लिहिलेली नसेल तर गळती वाढते, आणि गळती औषधाच्या गटात जास्त झाली की निकाल वाकतो.

मात्रेबद्दल: पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं जेल सांगतात. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. दिवसातून एकदा अर्धा ग्रॅम धरला तर ८४ दिवसांचे ४२ ग्रॅम. प्रत्येक भेटीला ट्यूब वजन करून परत घेतात ती यासाठीच. ४२ च्या जागी १८ ग्रॅमच वापरलं गेलं असेल तर तो माणूस अर्धे दिवसही लावत नव्हता. ८० ग्रॅम संपलं असेल तर पाठीवर लावतोय किंवा घरात दुसरं कोणी वापरतंय. रुग्णाची डायरी रोज "लावलं" म्हणते, वजनकाटा खरं सांगतो. क्लॅस्कोटेरोनची मात्रा एका वेळी साधारण १ ग्रॅम, दोन वेळा. म्हणजे १२ आठवड्यांना १६८ ग्रॅम. घरी कोणी एवढं लावत नाही, म्हणून ट्रायलमधलं यश घरी तसंच मिळत नाही.

दोन औषधं एका ट्यूबमध्ये घालणंही सोपं नसतं. बेंझॉइल पेरॉक्साइड साध्या ट्रेटिनॉइनचं ऑक्सिडेशन करतं. अडॅपालीन त्याच्यासोबत टिकतं, म्हणून ती जोडी आधी आली. ट्रेटिनॉइनसोबत जोडी जमवायला सिलिकाच्या सूक्ष्म कवचात दोन्ही वेगवेगळी बंद करावी लागली.

साळुंकी

यात वॉशआउटची भर घालते. ट्रायल सुरू करण्याआधी जुनी औषधं किती दिवस बंद ठेवायची याचे नेहमीचे आकडे: लावायचं अँटिबायोटिक आणि बेंझॉइल पेरॉक्साइड २ आठवडे, लावायचं रेटिनॉइड ४ आठवडे, पोटातलं अँटिबायोटिक ४ आठवडे, आयसोट्रेटिनॉइन (तीव्र मुरुमांसाठीची पोटात घ्यायची गोळी) ६ महिने. गर्भनिरोधक गोळ्या नुकत्या सुरू केल्या असतील किंवा बदलल्या असतील तर थांबायचं, कारण त्यांचा मुरुमांवर स्वतःचाच परिणाम होतो.

आपल्याकडे याहून महत्त्वाचा प्रश्न स्टेरॉइड क्रीमचा आहे. गोरेपणासाठी म्हणून मेडिकलमधून आणलेली, स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असं मिश्रण असलेली क्रीम लोक महिनोन्‌महिने लावतात. सरकारने २०१८ साली १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये (डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशी यादी) टाकली, तरी वापर थांबलेला नाही. स्टेरॉइडने येणाऱ्या पुटकुळ्या सगळ्या एकसारख्या, एकाच वयाच्या दिसतात, त्यांत ब्लॅकहेड फारसे नसतात. क्रीम बंद केलं की काही दिवसांत चेहरा आणखी भडकतो. असा माणूस चुकून ट्रायलमध्ये आला तर त्याचा भडका औषधाच्या माथी पडतो, किंवा नंतरचं शमणं औषधाच्या खात्यात जमा होतं. म्हणून "स्टेरॉइड लावता का" असं विचारून भागत नाही, बहुतेकांना ते स्टेरॉइड आहे हेच माहीत नसतं. घरातल्या सगळ्या ट्यूबा घेऊन या किंवा फोटो पाठवा, असं सांगायचं.

टीबीच्या उपचारातलं आयसोनियाझिड, फिटांवरचं फेनिटॉइन, लिथियम यांनीही मुरुमांसारख्या पुटकुळ्या येतात. आणि कपाळावर-पाठीवर खाज येणाऱ्या बारीक एकसारख्या पुटकुळ्या असतील तर मॅलॅसेझिया यीस्टचा (त्वचेवरची एक बुरशी) संशय घ्यायचा. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, उलट वाढतं.

निरगुडी (धागाकर्ती)

आता मला ज्यासाठी धागा काढायचा होता त्या मुद्द्यावर येते: बारा आठवडे. बहुतेक सगळ्या ट्रायल तिथे थांबतात. पण मुरुमाची सुरुवात डोळ्यांना दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी, छिद्राच्या आत होते. आज औषध सुरू केलं तरी आधीच तयार झालेली फळी वर येतच राहते. लालीवर काम करणारं औषध लवकर दिसतं, तेलग्रंथीवर काम करणारं उशिरा.

याचं सर्वात स्पष्ट उदाहरण म्हणजे साफा ट्रायल. मे २०२३ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. इंग्लंड आणि वेल्समधली १० केंद्रं, चेहऱ्यावर मुरुमं असलेल्या ४१० प्रौढ स्त्रिया, खर्च तिथल्या सरकारी संशोधन निधीतून. स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाबासाठी, पाणी उतरवण्यासाठी वापरली जाणारी जुनी, स्वस्त गोळी. ती अँड्रोजनला अडवते म्हणून त्वचारोगतज्ज्ञ स्त्रियांच्या मुरुमांसाठी अनेक वर्षं देत होते, पण एवढी मोठी ट्रायल नव्हती. पेटंट संपलेल्या गोळीची ट्रायल कंपनी कशाला करेल, म्हणून सरकारी पैसा लागला.

मात्रा: पहिले ६ आठवडे ५० मिलिग्रॅम, नंतर १०० मिलिग्रॅम, २४ आठवड्यांपर्यंत. दुसरा गट हुबेहूब दिसणाऱ्या प्लासिबोवर (बिनऔषधी गोळी). लावायची क्रीमं दोघांनाही चालू ठेवता येत होती, म्हणजे खऱ्या आयुष्यासारखी रचना. मुख्य निकष पुटकुळ्यांचा नव्हता. मुरुमांसाठीच्या जीवनमान प्रश्नावलीतला लक्षणांचा भाग, ० ते ३० गुण, जास्त म्हणजे चांगलं.

बारा आठवड्यांना: १९.२ विरुद्ध १७.८. इतर घटक जमेस धरून फरक १.२७, आणि त्याची ९५ टक्क्यांची मर्यादा (खरा फरक बहुधा या दोन आकड्यांच्या मध्ये) ०.०७ ते २.४६. म्हणजे शून्याच्या जेमतेम वर. चोवीस आठवड्यांना: २१.२ विरुद्ध १७.४, फरक ३.४५, मर्यादा २.१६ ते ४.७५.

"मुरुमं सुधारली का" या थेट प्रश्नाला बारा आठवड्यांना ७२ टक्के विरुद्ध ६८ टक्के हो म्हणाल्या, म्हणजे जवळपास काहीच फरक नाही. चोवीस आठवड्यांना ८२ विरुद्ध ६३. ट्रायल बाराव्या आठवड्यालाच संपली असती तर ही गोळी "फारशी उपयोगी नाही" म्हणून बाजूला पडली असती.

पिंपळपान

आणि त्याच बाराव्या आठवड्याला डॉक्टरचा आयजीए मात्र १९ टक्के विरुद्ध ६ टक्के असं यश दाखवत होता, हेही लक्षात घ्या. डॉक्टरला फरक दिसत होता, स्त्रियांना अजून जाणवत नव्हता. प्लासिबो गटाचा आलेख मला जास्त बोलका वाटतो. तिथे सुरुवातीला सरासरी १२.९ होती, बाराव्या आठवड्याला १७.८ झाली, आणि मग पुढचे तीन महिने तिथेच थांबली. निरगुडीने पहिल्या पोस्टमध्ये लिहिलेली सगळी कारणं पहिल्या बारा आठवड्यांतच खर्ची पडतात. त्यानंतर जे वाढतं ते औषधाचं.

खलबत्ता

साफात डोकेदुखी औषधाच्या गटात थोडी जास्त होती, २० टक्के विरुद्ध १२. गंभीर दुष्परिणामांची नोंद नाही. पण गर्भारपणात ही गोळी चालत नाही, मुलगा असेल तर गर्भाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ट्रायलमध्ये गर्भनिरोधाची अट होती. पुरुषांना मुरुमांसाठी देत नाहीत, स्तन वाढू शकतात. वाचून कोणी थेट मेडिकलमध्ये जाऊ नये म्हणून लिहिलं.

कडूलिंब७

वेहिकलशी किंवा प्लासिबोशी तुलना करून उपयोग काय, असा माझा प्रश्न आहे. मला बाजारात आधीपासून असलेल्या दहा रुपयांच्या औषधापेक्षा नवं चांगलं आहे का, हे हवं आहे.

साळुंकी

अगदी योग्य प्रश्न, आणि अशा ट्रायल फार कमी आहेत. मंजुरीसाठी वेहिकलला हरवणं पुरतं, म्हणून कंपन्या तेवढंच करतात.

सन्माननीय अपवाद म्हणजे २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेली ब्रिटनमधली ट्रायल. ६४९ जण, सौम्य ते मध्यम मुरुमं, १८ आठवडे, पाच गट समोरासमोर: पोटातलं ऑक्सिटेट्रासायक्लिन, पोटातलं मिनोसायक्लिन, नुसतं बेंझॉइल पेरॉक्साइड, आणि एरिथ्रोमायसिन अधिक बेंझॉइल पेरॉक्साइड दोन प्रकारे. रुग्णांच्या मते निदान मध्यम सुधारणा झालेले: गोळ्यांच्या दोन्ही गटांत ५५ टक्क्यांच्या आसपास, नुसत्या बेंझॉइल पेरॉक्साइडमध्ये ६० च्या आसपास, जोड औषधांत ६३ ते ६६. महागडी मिनोसायक्लिन साध्या लावायच्या औषधाच्या पुढे गेली नाही, आणि खर्चाच्या हिशेबात बेंझॉइल पेरॉक्साइड सर्वात सरस ठरलं.

त्याच ट्रायलमध्ये रुग्णांच्या त्वचेवरचे जंतू आधीपासून टेट्रासायक्लिनला दाद न देणारे आहेत का हेही पाहिलं होतं. तसे असतील तर टेट्रासायक्लिन गोळ्यांचा गुण कमी येत होता, बेंझॉइल पेरॉक्साइडवर फरक पडत नव्हता. अँटिबायोटिक एकटं देऊ नका, तीनचार महिन्यांपेक्षा लांबवू नका, हा आजचा नियम अशाच कामातून पक्का झाला.

खलबत्ता

बेंझॉइल पेरॉक्साइडची ताकद २.५, ५ आणि १० टक्के अशी मिळते. लाल पुटकुळ्यांवर २.५ चा परिणाम १० च्या तोडीचा असतो, जळजळ मात्र कमी. जास्त आकडा म्हणजे जास्त गुण नव्हे. आणि ट्यूब उन्हात, गाडीत, गरम बाथरूममध्ये ठेवू नये. उष्णतेने त्याचं विघटन होऊन बेंझीन तयार होऊ शकतं. अमेरिकेत २०२४ मध्ये एका खासगी प्रयोगशाळेने यावर बोट ठेवल्यावर एफडीएने ९५ उत्पादनं तपासली, बहुतेकांत प्रमाण नगण्य निघालं आणि थोडी बाजारातून परत घेतली गेली. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ट्यूब कपाटात, थंड जागी.

पिंपळपान

प्रत्येक वेळी शेकडो माणसं आणि प्लासिबो लागतोच असंही नाही. १९७९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आयसोट्रेटिनॉइनचा पहिला मोठा निकाल आला तेव्हा रुग्ण होते फक्त १४. सगळे मोठमोठ्या गाठी असलेले, इतर उपचारांना न जुमानणारे. त्यातले १३ पूर्ण स्वच्छ झाले, आणि औषध थांबवल्यावरही स्वच्छ राहिले. इतकी वाईट मुरुमं आपोआप जात नाहीत, म्हणून तुलनेचा गट नसूनही कोणाला शंका उरली नाही. एफडीएची मंजुरी १९८२ मध्ये.

मात्रेचा प्रश्न मात्र रँडमायझेशननेच (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून) सुटला. १९८४ च्या ट्रायलमध्ये १५० रुग्णांना दर किलोमागे ०.१, ०.५ किंवा १ मिलिग्रॅम दिलं. सुधारणा तिन्हीत दिसली, पण ०.१ वाल्यांपैकी ४२ टक्क्यांना पुन्हा उपचार घ्यावे लागले. ट्रायल संपताना तिन्ही गट सारखे, नंतर मात्र वेगळे.

उलट बाजूचं उदाहरण ओलुमाकोस्टॅटचं. तेलग्रंथीत चरबी बनवणारं एन्झाइम अडवणारं जेल. दुसऱ्या टप्प्यात निकाल आशादायक, मग तिसऱ्या टप्प्यात सुमारे १५०० जणांच्या दोन ट्रायल, आणि २०१८ मध्ये वेहिकलपेक्षा सरस ठरलं नाही म्हणून काम थांबलं. चरबी अडवण्याची कल्पना मात्र मेली नाही. त्याच साखळीतल्या दुसऱ्या एन्झाइमवरची डेनिफानस्टॅट ही गोळी चीनमध्ये ४८० जणांवर तपासली गेली, २०२५ मध्ये निकाल आले: यश ३३.२ टक्के, प्लासिबोत १४.६. वजाबाकी आणि भागाकार तुम्ही करून बघा.

आजोळ

वाचनमात्र होते, एक प्रश्न विचारते. पंधरा वर्षांच्या मुलीला अशा ट्रायलमध्ये घ्यायचं का असं डॉक्टरांनी विचारलं, तर पालकांनी नेमकं काय विचारायचं?

निरगुडी (धागाकर्ती)

आजोळताई, आधी सीटीआरआय क्रमांक मागा. ही आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) क्लिनिकल ट्रायल नोंदवही, कोणालाही फुकट बघता येते. पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी झालेली असली पाहिजे, एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी स्वीकारत नाहीत. त्यात तीन गोष्टी बघा: कोणाशी तुलना आहे, मुख्य निकष काय, आणि तो कितव्या आठवड्याला मोजणार. निकाल छापून आल्यावर हाच निकष तिथे आहे का, की मध्येच बदलला, हेही तिथूनच कळतं.

मग संमतीपत्र. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळालं पाहिजे. मराठी प्रत हवी असेल तर मराठी मागा, आणि घरी नेऊन वाचायला वेळ मागा. अठरा वर्षांखाली पालकांची संमती लागते, आणि १२ ते १८ या वयात मुलीची स्वतःची लेखी तयारी वेगळी घेतात. तिने नको म्हटलं तर तुमच्या सहीला अर्थ नाही. मध्येच सोडलं तर पुढच्या उपचारावर परिणाम होत नाही, हे त्यात लिहिलेलं असतंच, तरी तोंडी विचारून घ्या.

औषध नव्या जातीचं असेल आणि सहभागी दुर्बल गटातली असेल तर संमतीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण २०१९ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई त्याच नियमांत आहे. एथिक्स कमिटीचा (ट्रायलला परवानगी देणारी, सहभागींचं हित बघणारी समिती) फोन नंबर संमतीपत्रावर असतो, तो वेगळा लिहून ठेवा.

साळुंकी

आणखी दोन प्रश्न माझ्याकडून. प्लासिबो किंवा वेहिकलच्या गटात पडली आणि मुरुमं वाढली, तर कधी आणि कोणत्या उपचाराने वाचवणार? प्रोटोकॉलमध्ये याला "रेस्क्यू" म्हणतात. मुरुमांत हे फार महत्त्वाचं, कारण गाठी असताना तीन महिने वाया गेले तर व्रण कायमचे राहतात. गाठी उठत असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील तर त्या मुलीला प्लासिबोच्या ट्रायलमध्ये घालूच नये, तिला लगेच पुरता उपचार हवा.

दुसरा: ट्रायल संपल्यावर पुढे काय? बाराव्या आठवड्यानंतर औषध मिळणार का, की ट्यूब परत घेऊन मोकळं करणार.

आजोळ

सगळ्यांचे आभार, हे सगळं उतरवून घेतलं. ट्यूबच्या वजनाचं विशेष लक्षात राहील. मुलीला ते समजावून सांगता येईल: लावलं नाही तर नाही असंच डायरीत लिही, खोटं "लावलं" लिहू नकोस.

खलबत्ता

हो, आणि तिला हेही सांगा की भेटीच्या आदल्या रात्री उरलेलं जेल पिळून टाकायचं नाही. मुलं असं करतात, रागावतील या भीतीने. मग औषध पूर्ण लावूनही गुण आला नाही अशी नोंद होते, आणि ती चूक नंतर कुठल्याही विश्लेषणाने काढता येत नाही.